जुने फ्रंट स्पीकर ठेवून ५.१ जमवायचंय, सेंटर कुठला घेऊ?

आळशी_श्रोता
मंडळी, जरा मदत हवीये. ठाण्यात घोडबंदर रोडला टू बीएचके. हॉल ११ बाय १७ फूट. टीव्ही ११ फुटी भिंतीवर, सोफा त्याच्यापासून ९ फुटांवर, सोफ्यामागे डायनिंग टेबल. डावीकडे सलग भिंत, उजवीकडे बाल्कनीचा सरकता दरवाजा.

घरात बुकशेल्फ स्पीकरची एक जुनी जोडी आहे. साडेसहा इंची वूफर (जाड आवाजाचा), सिल्क डोम ट्विटर (बारीक आवाजाचा), ८ ओहम, ८७ डीबी. स्टिरिओ ॲम्पवर चालते आणि खरं तर ती बाबांची आहे, रोज सकाळी नाट्यसंगीत. आता मुलीला सिनेमासाठी ५.१ पाहिजे, म्हणजे समोर लेफ्ट, सेंटर, राइट, बाजूंना दोन सराउंड आणि खोल बाससाठी एक सबवूफर (सब), आणि बायकोची तक्रार वेगळीच, संवाद ऐकायला आवाज वाढवायचा आणि मारामारी सुरू झाली की रिमोट शोधत पळायचं.

कंपनीनं ही सिरीज केव्हाच बंद केली, मॅचिंग सेंटर मिळत नाही. लॅमिंग्टन रोडला एक दुकानदार म्हणाला जोडी काढून टाका, सगळा नवा सेट घ्या. दुसऱ्यानं सांगितलं कुठलाही सेंटर लावा, एव्हीआरबरोबर (सगळे स्पीकर चालवणारा होम थिएटरचा ॲम्प) माइक येतो तो सगळं जुळवून देतो. दोघंही अगदी पोटतिडकीनं बोलत होते. पहिल्या पर्यायावर बाबांनी "मग मलाही काढा" असा निकाल दिलाय, त्यामुळे जोडी राहणार हे नक्की. बाकीचं काय काय जुळवावं लागतं? बजेट एव्हीआर, सेंटर, सराउंड, सब सगळं धरून दीड लाख.

चहा_खारी
साउंडबार. पुढचा प्रश्न?

मंद्रसप्तक
चहा_खारी, निदान धागा वाचायचा तरी.

आळशी_श्रोता, दोन्ही दुकानदार अर्धे अर्धे बरोबर आहेत. जुळायला हवेत ते पुढचे तीन, लेफ्ट, सेंटर, राइट. पडद्यावर माणूस बोलत बोलत डावीकडून उजवीकडे गेला की त्याचा आवाज या तिघांतून फिरतो, आणि सेंटरचा पोत वेगळा असला तर रंगमंचावर चालता चालता मूळ नट जाऊन बदली नट आल्यासारखं होतं. गाड्या, पाऊस, गोळीबार यात ते एवढं कळत नाही, माणसाच्या आवाजात लगेच कळतं कारण आपला कान त्यावरच घडलाय.

सराउंडला एवढं सोवळं पाळायची गरज नाही. तिथून गर्दी, पाऊस, हेलिकॉप्टर असलंच येतं, वेगळ्या कंपनीचे छोटे बुकशेल्फ चालतील, फक्त एकदमच कर्कश नकोत. आणि सब कुठल्याही कंपनीचा घ्या. ८० हर्ट्झच्या खाली आवाज कुठून येतोय हे कानाला फारसं उमगत नाही, बहुतेक एव्हीआरमध्ये क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबकडे जातो ती हद्द, मुळात ८० वर लावलेला असतो तो त्यामुळेच. "आमच्याच कंपनीचा सब घ्या, मॅच होतो" असं कोणी म्हणालं तर तो दुकानदार आहे.

भिंतीला_कान
मंद्रसप्तकशी ऐंशी टक्के सहमत. पण "एक कंपनी म्हणजे एक स्वर" असा अर्थ कोणी काढू नये. एकाच ब्रँडच्या दोन सिरीज घ्या, एकीत सॉफ्ट डोम, दुसरीत मेटल डोम, आतला वूफर-ट्विटरमधला क्रॉसओव्हर वेगळा, आवाज वेगळा. उलट दोन वेगळ्या कंपन्यांचे सिल्क डोमवाले शांत स्वभावाचे स्पीकर बऱ्यापैकी जुळून जातात. तुमच्या जोडीला हॉर्न ट्विटरवाला क्लिप्शचा सेंटर लावू नका एवढं मी छातीठोक सांगेन. क्लिप्श वाईट नाही, पण त्याचा स्वभाव पुढे येऊन बोलायचा आणि तुमच्या जोडीचा मागे रेलून.

आता माझा खरा आक्षेप. सेंटर म्हणून जो आडवा खोका विकतात त्यात मधे ट्विटर आणि दोन बाजूंना दोन वूफर. समोर बरोबर मधोमध बसलात तर दोन्ही वूफर तुमच्यापासून सारख्याच अंतरावर, काही प्रॉब्लेम नाही. सोफ्याच्या टोकाला सरकलात की एक जवळ आणि एक लांब, आणि तिथे दोघांचे आवाज एकमेकांना खातात. वूफरमध्ये फूटभर अंतर असेल आणि तुम्ही ९ फुटांवर ३ फूट बाजूला बसलात तर हे दीड-दोन हजार हर्ट्झच्या आसपास होतं, म्हणजे शब्द स्पष्ट कळायला नेमका जो भाग लागतो तोच. टीव्हीखाली तो आडवा बसतो म्हणून कंपन्या आडवा बनवतात, आवाजाच्या सोयीसाठी नाही.

आळशी_श्रोता
म्हणजे मॅचिंग सेंटर मिळाला असता तरी त्रास होताच?

भिंतीला_कान
तुम्ही मधे बसत असाल तर नाही.

आळशी_श्रोता
मधे बाबा बसतात.

मंद्रसप्तक
हाहा. मग बाबांना सगळं ऐकू येईल, बाकीच्यांनी सबटायटल वाचा.

गंभीरपणे, या भानगडीवर उपाय आहेत. तीन-वे सेंटर घ्यायचा ज्यात ट्विटर आणि मिडरेंज (मधल्या स्वरांचा स्पीकर) एकावर एक उभे असतात, किंवा ट्विटर वूफरच्या पोटातच बसवलेला घ्यायचा, केईएफवाले युनी-क्यू म्हणून १९८८ पासून करतायत. दोन्ही प्रकार जरा महाग पडतात.

खमंग_काकडी
मी वेगळंच सुचवते. आधी सेंटर घेऊच नका. एव्हीआर आणा, दोन फ्रंट जोडा, मेनूत सेंटरला "नन" करा. सेंटरचा सगळा मजकूर डाव्या-उजव्यात सारखा वाटला जातो आणि मधे बसलेल्याला आवाज पडद्याच्या मधूनच आल्यासारखा वाटतो. एक पैसा खर्च नाही, स्वर शंभर टक्के जुळलेला, कारण दोन्ही स्पीकर तेच. आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच चालू आहे, पाहुण्यांना सेंटर नाहीये हे सांगितल्यावर ते टीव्हीखाली वाकून बघतात.

मंद्रसप्तक
तुमच्याकडे सोफ्यावर किती जण बसतात?

खमंग_काकडी
दोघं. दाटीवाटीनं.

मंद्रसप्तक
त्यातच उत्तर आलं :) टोकाला बसलेल्याला जवळच्या स्पीकरचा आवाज आधी आणि मोठा पोचतो, त्यामुळे त्याच्या दृष्टीनं सगळी पात्रं त्याच स्पीकरमधून बोलतात. चार माणसांच्या घरात खरा सेंटर लागतोच.

जुना_पडदा
आळशीबुवा, तुमच्या घरी जुने मराठी सिनेमे बघतात का? विचारायचं कारण, त्यातले बहुतेक मोनो. दोन्ही चॅनेलवर तंतोतंत तेच. एव्हीआरवर डॉल्बी सराउंड अपमिक्स (दोन चॅनेलचा आवाज सगळ्या स्पीकरना वाटणारा मोड) चालू असेल तर तो विचार करतो की दोन्हीकडे सारखं आहे ते मधलं, आणि उचलून सेंटरला देतो. मोनोत सगळंच सारखं, मग संवाद, ढोलकी, लावणी, रडारड सगळं त्या एका खोक्यातून, आणि तुमची एवढी कौतुकाची जोडी गप्प बसून राहते. बाबांचं नाट्यसंगीत तर ७८च्या तबकड्यांवरून आलेलं बरंचसं मोनोच असणार.

तेव्हा एक, अशा वेळी रिमोटवर स्टिरिओ किंवा डायरेक्ट मोड लावायला घरातल्या सगळ्यांना शिकवा. दोन, जुनं जास्त बघत असाल तर सेंटरवर पैसे वाचवू नका. आमच्याकडे नवीन सिनेमांपेक्षा सेंटर जुन्यांनाच जास्त राबतो.

आळशी_श्रोता
हे अजिबात माहीत नव्हतं. बाबांना हे सांगितल्यावर ते म्हणाले "म्हणजे गाणं त्या नव्या डब्यातून येणार? अजिबात नाही." आता तर एव्हीआरवरच संकट आलंय.

बोरीचा_बार
काऊन बा, सासू-सुनेच्या सिरीयलीत तोंड वळवलं की धाड धाड धाड वाजते त्याले कितीचा सब लागते?

चहा_खारी
बोरीचा_बार, त्याला १८ इंची. आणि वकील.

वॅटमीटर
कोणी पॉवरचं बोललंच नाही अजून. एव्हीआरच्या खोक्यावर जे मोठ्या अक्षरात वॅट लिहिलेले असतात ते ६ ओहमवर, फक्त १ हजार हर्ट्झवर, एकच चॅनेल चालवून आणि भरपूर डिस्टॉर्शन चालवून घेऊन मोजलेले असतात. आत मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात बघा, ८ ओहम, २० ते २० हजार हर्ट्झ, दोन चॅनेल चालू, ०.०८ टक्के डिस्टॉर्शन. बाहेर दीडशेच्या वर आणि आत ८० अशी उदाहरणं सर्रास. पाचही एकदम चालले की त्याहून कमी. ते पाच गुणिले करून "हजार वॅटचं होम थिएटर" म्हणतात त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

पण ८० वॅट कमी आहेत का? हिशोब करू. तुमचा स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ८७ डीबी देतो. ९ फूट म्हणजे पावणेतीन मीटर, मोकळ्या मैदानात साधारण ९ डीबी घट, राहिले ७८. खोलीत भिंतींमुळे थोडे जास्तच मिळतात पण ते सोडून देऊ. थिएटरची जी रेफरन्स लेव्हल धरतात त्यात एका चॅनेलचा जोराचा क्षण १०५ डीबीचा, म्हणजे अजून २७ डीबी हवेत. दर ३ डीबीला पॉवर दुप्पट, झाले जवळपास ५०० वॅट. घाबरू नका. फ्लॅटमध्ये कोणी रेफरन्सला ऐकत नाही, माझ्याकडे आवाज रात्री रेफरन्सच्या ३० डीबी खाली (उणे ३०) आणि रविवारी दुपारी फार तर उणे २० असतो. उणे २० ला हाच हिशोब ५ वॅटवर येतो. पाच! त्यात खालचा बास सबकडे गेला की एव्हीआरचं ओझं अजून हलकं. तेव्हा वॅटच्या मागे लागू नका, ते पैसे सबमध्ये घाला.

कोल्हापूरकर_दादा
वॅटमीटर भाऊ लई भारी. पर ओहमचं काय? फ्रंट ८, सेंटर ६ आणि सराउंड ४ असलं मिक्स झालं तर जळतंय का काय?

वॅटमीटर
दादा, प्रत्येक चॅनेलला आत स्वतःचा ॲम्प आहे, शेजारच्या चॅनेलला किती ओहम लावलेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ८ आणि ६ बिनधास्त. ४ ओहमवाले मात्र स्वस्त एव्हीआरवर नकोत, करंट जास्त ओढतात, एव्हीआर तापतो आणि जोरात वाजवलं तर मधेच बंद पडतो. डीबी वेगवेगळे असले तरी चालतात, सेटअपमध्ये प्रत्येक चॅनेलची लेव्हल वेगळी लावता येते.

आणि हो, एव्हीआर कपाटात कोंबू नका. वर चार-सहा इंच मोकळं सोडा, क्रोशाचा रुमाल घालू नका.

खमंग_काकडी
क्रोशाच्या रुमालावर कारणाशिवाय हल्ला. निषेध.

हडसनकाठचा
न्यू जर्सीतून. मी इकडे जो सब वापरतो तोच मॉडेल भावाने नाशिकला घेतला, आणि त्याच्याकडे आवाज इतका घुमतो की सिनेमाभर कोणीतरी ढोल बडवतंय असं वाटतं. इथल्या भिंती लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे, बासचा बराचसा जोर त्या भिंती हलण्यात आणि बाहेर पाझरण्यात जातो. तिकडे वीट, प्लास्टर, वर-खाली आरसीसी स्लॅब, त्यावर गुळगुळीत टाइल्स. बासला जायला वाटच नाही, तो खोलीतच आपटत राहतो. तेव्हा इथल्या यूट्यूबवाल्यांचं ऐकून दोन दोन १५ इंची सब मागवणाऱ्यांनी आधी आपल्या भिंतीवर टकटक करून बघावं.

भिंतीला_कान
हडसनकाठचा, एकदम मुद्द्याचं बोललात. आणि त्यावरूनच आळशीबुवांच्या हॉलचं गणित करून बघितलं. १७ फूट म्हणजे ५.१८ मीटर, त्या लांबीत घुमणारा पहिला स्वर साधारण ३३ हर्ट्झ. रुंदी ११ फूट म्हणजे ३.३५ मीटर, तिचा ५१ हर्ट्झ. या स्वरांचा जोर भिंतीपाशी सगळ्यात जास्त आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळपास शून्य. आणि तुमचा सोफा कुठे? १७ फुटांत ९ फुटांवर. म्हणजे लांबीचा मध्य गाठलाय तुम्ही, आणि मधे बसणारे बाबा रुंदीचाही. बाबांना ३३ पण मिळणार नाही आणि ५१ पण नाही, कितीही मोठा सब आणा. सरकता दरवाजा आणि बाकीच्या उघड्या भागांमुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण गोष्ट तीच.

एव्हीआरचा माइक हे दुरुस्त करू शकत नाही हेही सांगून ठेवतो. जिथे आवाज जास्त होतोय तिथे तो कमी करू शकतो, पण जिथे दोन लाटा एकमेकींना मारतायत तिथे पॉवर ओतून उपयोग नाही, दोन्ही लाटा सारख्याच वाढतात. सोफा दीड-दोन फूट मागे सरकवा. डायनिंगची एक खुर्ची कमी करावी लागेल बहुतेक.

आळशी_श्रोता
सोफा मागे सरकवायचा प्रस्ताव मांडला. बायको म्हणाली, "स्पीकर विकत घेतोय का खोली?" पण दीड फुटाला तत्त्वतः मंजुरी मिळालीये.

सबसाठी कोपरा योग्य का? इंटिरियरवाला म्हणतो टीव्ही युनिटच्या आतच कप्पा करून देतो, दिसणार पण नाही.

मंद्रसप्तक
युनिटच्या आत नको!! प्लायवूड थरथरतं, दार वाजतं, काचेची भांडी वाजतात, मग सब बदनाम होतो.

जागा शोधायची जुनी युक्ती म्हणजे सब उचलून सोफ्यावर, जिथे आपण बसतो तिथे ठेवायचा, बासचं एखादं गाणं लावायचं आणि आपण जमिनीवर रांगत खोलीभर फिरायचं. कान सबच्या उंचीला. जिथे बास सगळ्यात एकसारखा आणि स्वच्छ ऐकू येईल तिथे सब ठेवायचा. घरात पाहुणे नसताना करावं, आमच्या मातोश्रींना वाटलं मी कानातली बाळी शोधतोय, त्याही शोधायला लागल्या.

खालच्या_मजल्यावरचा
मी कोणाच्या तरी खालच्या मजल्यावर राहतो. दरवाजे, पडदे, गालिचे यातलं काहीही बास अडवत नाही, स्लॅबमधून सरळ माझ्या पंख्यापर्यंत येतो. तुमचे दोस्त सिनेमा बघतात आणि माझ्या स्वयंपाकघरात डबे वाजतात. सबखाली जाड रबरी पॅड घाला, एव्हीआरमध्ये नाइट मोड असतो तो रात्री लावा, मोठे आवाज दाबून बारीक आवाज वर आणतो. वहिनींची रिमोटवाली तक्रारसुद्धा निम्मी त्यानेच जाईल आणि मीही झोपेन.

वॅटमीटर
खालच्या_मजल्यावरचा यांना पूर्ण पाठिंबा. संवादांसाठी अजून एक, सेंटरची लेव्हल दोन-तीन डीबी वर करून ठेवा, कोणी पोलीस पकडायला येत नाही. सेंटरचं तोंड कानाकडे हवं, टीव्हीखाली गुडघ्यांकडे बघत असेल तर पुढच्या बाजूला लाकडाची पाचर लावून वर तिरका करा. आणि शेल्फच्या आत ढकलू नका, तोंड काठाशी आणा, नाहीतर शेल्फचाच आवाज मिसळतो.

पणजीचो_पाव
आणि वायर? आमच्या इथल्या दुकानात मीटरला इतके पैसे सांगितले की मी विचारलं यात चांदी आहे काय.

वॅटमीटर
घरगुती वायरिंगची २.५ स्क्वेअर एमएमची शुद्ध तांब्याची फ्लेक्सिबल वायर घ्या, झालं. ५ मीटर जाऊन ५ मीटर येऊन साधारण ०.०८ ओहम, ८ ओहमच्या स्पीकरपुढे काहीच नाही. फक्त तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको, बाजारात तीच जास्त फिरते, टोक खरवडलं की आत पांढरं दिसतं. पुण्याला बुधवारात तापकीर गल्लीत, मुंबईला लॅमिंग्टन रोडला, दोन्हीकडे मागितलं की मिळते.

भिंतीतून नेणार असाल तर विजेच्या पाइपातून नेऊ नका, वेगळा पाइप टाका आणि त्यात ओढायला एक जादा तार सोडून ठेवा. एचडीएमआयचं डोकं पाइपच्या बेंडमधून जात नाही, हे गवंडी भिंत बंद करून गेल्यावर सगळ्यांना कळतं.

आळशी_श्रोता
सराउंड कुठे लावू ते राहिलं. इंटिरियरवाला फॉल्स सीलिंगमध्ये चार गोल बसवायला निघालाय, म्हणतो हल्ली सगळे असंच करतात.

मंद्रसप्तक
५.१ चे सराउंड कानाच्या पातळीला किंवा जरासे वर, बसलेल्या माणसाच्या बाजूला आणि किंचित मागे, समोरून मोजलं तर ११० अंशांच्या आसपास. छतात लावले की पाऊस वरून पडेल ते ठीक, पण मागून येणारी रिक्षासुद्धा वरून येईल. छतातले स्पीकर डॉल्बी ॲटमॉससाठी, म्हणजे वरून येणाऱ्या आवाजासाठी, ते वेगळे चॅनेल आहेत आणि खालचे पाच नीट लागल्यावरची चैन आहे.

तुमच्याकडे डावीकडे भिंत आहे तिथे ब्रॅकेट. उजवीकडे सरकता दरवाजा असल्याने स्टँड घ्यावा लागेल, किंवा दरवाजाच्या वरच्या पट्टीवर ब्रॅकेट लावून खाली झुकवा. दोन्ही बाजूंची उंची सारखी ठेवता आली तर उत्तम.

खमंग_काकडी
बाबांच्या प्रश्नाचं काय? सगळे सराउंडला लागले. ज्येष्ठ नागरिकांवर अन्याय.

जुना_पडदा
त्याचा मार्ग आहे. स्टिरिओ ॲम्प तसाच ठेवायचा, जोडी त्याच ॲम्पला लागलेली राहू द्यायची. एव्हीआरला फ्रंटचे प्री-आउट (दुसऱ्या ॲम्पला सिग्नल देणारी भोकं) असले तर तिथून आरसीए वायर काढून स्टिरिओ ॲम्पच्या ऑक्सला. ॲम्पमध्ये होम थिएटर बायपास (ॲम्पची आवाजाची मूठ बाजूला ठेवणारी सोय) असेल तर छानच, नसेल तर ऑक्सवर आवाजाची मूठ कुठे ठेवायची ते ठरवून खूण करायची आणि सिनेमाच्या वेळी दर वेळी तिथेच आणायची. सकाळी बाबा एव्हीआरला हात न लावता ॲम्प सुरू करतील, गाणं आधी यायचं तसंच येईल, नवा डबा मधे पडणार नाही. घेताना फक्त प्री-आउट आहेत का ते बघून घ्या, स्वस्त मॉडेलांत फक्त सबचा असतो.

वॅटमीटर
आणि कृपा करून दोन ॲम्पच्या वायरी एकाच स्पीकरला एकदम लावू नका कोणी. "एका वेळी एकच चालू करू" म्हणून लावतात, मग एक दिवस दोन्ही चालू होतात आणि एक ॲम्प जातो.

चहा_खारी
एवढं सगळं वाचून मी माझ्या साउंडबारला जाऊन मिठी मारली.

आळशी_श्रोता
प्रगती अहवाल. खमंग_काकडी म्हणाल्या तसं मित्राचा एव्हीआर शनिवार-रविवारसाठी उचलून आणला, सेंटर नन करून दोन फ्रंटवरच चालवला. मधे बसलं की खरंच थक्क व्हायला होतं, संवाद टीव्हीच्या काचेतून येतात. मुलगी उजव्या टोकाला बसली होती, ती म्हणाली सगळी माणसं बाल्कनीतून बोलतायत. म्हणजे सेंटर लागणारच.

माइकनं मोजणी केली त्यात दोन्ही फ्रंटची अंतरं बरोबर आली. सब मी जोडला नव्हता. मित्र म्हणतो त्याच्याकडे सब १० फुटांवर असून माइक १६ फूट दाखवतो, ते काय?

भिंतीला_कान
बरोबरच आहे, ते बदलू नका. सबच्या आतल्या सर्किटमुळे आवाज थोडा उशिरा निघतो, माइक तो उशीर अंतरात मोजतो. फुटाला जवळपास एक मिलिसेकंद. टेप लावून १० केलंत तर उलट बिघडेल.

मोजणी झाल्यावर मेनूत एकदा बघा, फ्रंट "लार्ज" (सगळा बास त्यांनाच) केले असतील तर "स्मॉल" (खालचा बास सबला) करा आणि क्रॉसओव्हर ८०. साडेसहा इंची वूफरला ३० हर्ट्झचे स्फोट वाजवायला लावण्यात काही मर्दुमकी नाही, सब त्यासाठीच आणताय.

आता मूळ प्रश्न, सेंटर. तीन-वे आणि युनी-क्यूचं बोललो पण तुमच्यासाठी मला खरं तर वेगळंच वाटतंय. टीव्हीखालच्या शेल्फची उंची किती आहे?

आळशी_श्रोता
टीव्ही भिंतीवर आहे, युनिट आणि टीव्हीच्या मधे १५ इंच मोकळे. का?

भिंतीला_कान
तुमचे बुकशेल्फ किती उंच?

आळशी_श्रोता
१३ इंच.

भिंतीला_कान
मग तोच स्पीकर उभा ठेवा की मधे! सिरीज बंद झाली म्हणून सेंटर मिळत नाही, पण तुमच्याच मॉडेलची जुनी जोडी कोणीतरी कुठेतरी विकत असणारच. जुन्या सामानाच्या ग्रुपवर शोधा. तिघंही तेच, स्वर जुळवायचा प्रश्नच संपला, आणि ट्विटरच्या खाली एकच वूफर, उभा, त्यामुळे सोफ्याच्या टोकालाही कोणी कोणाला खात नाही. थिएटरात पडद्यामागे असंच असतं, तीन एकसारखे. फक्त विकत घेताना दोन गोष्टी बघा. वूफरभोवतीची रबराची कड हातानं हलकेच दाबून बघा, चिरा पडल्या असतील तर सोडा. आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवा, प्लसला प्लस, कोन बाहेर सरकला पाहिजे. आत जात असेल तर कोणीतरी आधी उघडून वायरी उलट्या लावल्यात.

मंद्रसप्तक
हा सल्ला पटला. सेंटरचे पैसे वाचले की ते सबला. १० किंवा १२ इंची, आणि सराउंडला काहीही साधे छोटे बुकशेल्फ.

वॅटमीटर
अनुमोदन. जुना पिक्चर ट्यूबवाला टीव्ही असता तर स्पीकरचं मॅग्नेट शील्डेड आहे का बघावं लागलं असतं, रंग पसरायचे. एलईडीला ती भानगड नाही.

आळशी_श्रोता
मिळाली! डोंबिवलीत एकांकडे हेच मॉडेल आहे, रंग वेगळा, माझे काळे आणि त्यांचे चेरी. सेल लावून बघायला तेही तयार आहेत. पण ते जोडीच देणार म्हणतात, एकटा नाही. बायकोनं काळे-चेरी ऐकून फक्त एक सुस्कारा सोडला, म्हणजे हो.

खमंग_काकडी
पुढची जाळी काळीच असेल ना, मग चेरी समोरून दिसणार कोणाला?

आळशी_श्रोता
जाळी काळीच आहे. रविवारी आणायला जातोय. बाबा पण येतायत, म्हणे "मी ऐकल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत." सोबत पेटीवरच्या गाण्यांची सीडी घेतलीये.

कोल्हापूरकर_दादा
आन् उरलेल्या एकाचं काय करणार?

चहा_खारी
मागे डायनिंगजवळ ठेवा. जेवताना पण संवाद ऐकू येतील.

पणजीचो_पाव
थांबा, उरलेला विकणार असाल तर मला आधी व्यनि करा. मॉडेलचं नाव पण कळवा, माझी जोडी बहुतेक हीच आहे आणि मला पण सेंटरच हवाय.